सत्यवतीची कुठी

सत्यवतीला कोणी काही विचारलं नाही तरी ती सांगायचीच. सिटी बसमध्ये शेजारच्या बाईच्या थैलीत नजर गेली की हिचं सुरू. "अवं बाई, टमाटे खाली अन् आलू वर काहून? घरी जाईपर्यंत चटणी होईन ना!" ती बाई बापडी शंकरनगरचं तिकीट असून सीताबर्डीलाच उतरून जायची. सत्यवतीला त्याचं काहीच नाही. ती पुढच्या सीटवरच्या माणसाला छत्री कशी वाळवायची ते सांगायला लागायची.

इतवारीहून वाडीपर्यंत रोज असाच प्रवास. वाडीला ट्रान्सपोर्ट कंपनीत ती बिलट्या करायची. बिलटी म्हणजे ट्रकमध्ये चढलेल्या मालाची पावती. माल कोणाचा, कुठून निघाला, कोणाला द्यायचा, सगळं तिच्यावर. वय पस्तिशीच्या पुढं, लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची हिंमत गल्लीत कोणाची नव्हती, कारण विचारणाऱ्याला आपलाच संसार कुठं चुकला ते ऐकून घ्यावं लागायचं.

घरी ती आणि तिचे वडील, नत्थूजी. इतवारीत भांड्यांच्या गल्लीत एका दुकानाच्या पायरीवर नत्थूजी बसायचे आणि गिऱ्हाइकानं घेतलेल्या भांड्यांवर छिन्नीनं नाव टाकून द्यायचे. परात असो, पाण्याचा गुंड असो, पोरीच्या लग्नातला डबा असो. टुकटुक टुकटुक दिवसभर. लोकांना वाटायचं, नाव टाकलं म्हणजे भांडं चोरीला जात नाही. नत्थूजी हसायचे. म्हणायचे, "चोराले वाचता येत नाई का? अरे, नाव कायले असते? लग्नाकार्यात भांडं चार घरी फिरते, फिरून आपल्या घरी यावं म्हणून नाव असते. द्यायचंच नसन तर नाव टाकून काय करता?"

गल्लीत दुसरी एक रीत होती. शेजारणीची वाटी आली की रिकामी परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर, एक लिंबू, पण रिकामी नाही. सत्यवती या दोन गोष्टींवर वाढली आणि तिला वाटायचं, जग असंच चालते.

तर एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या आधीचं एखादं-दोन वर्ष असेल. कंपनीत कॉम्प्युटर आला. काचेची खोली, थंड हवा, चपला बाहेर. मॅनेजर गणपतराव, पानाचा तोबरा भरलेले भले गृहस्थ, त्यांनी नारळ फोडला आणि मशीनला झेंडूचा हार घातला. सत्यवतीनं तो तिथल्या तिथं काढला. "साहेब, पाकळ्या पंख्यात गेल्या तर देव काई येणार नाई वाचवाले." मशीन युनिक्स नावाच्या व्यवस्थेवर चालायची, मधी एकच मोठं धूड आणि त्याच्या दोऱ्या चार टर्मिनलला, म्हणजे पडदा अन् कीबोर्डला. बाकीचे लोक हात लावायला भ्यायचे. सत्यवती भ्यायली नाही, तिनं मशीनलाही शिकवायला सुरुवात केली.

आणि मग ऑफिसचा पिच्छा पुरवला. चहाच्या टेबलावर, जिन्यात, बाथरूमच्या दारात. "एखादा हुकूम समजला नाई तर माह्या तोंडाकडे नोका पाहू. हुकमाच्या आधी 'मॅन' लिवा, मशीन स्वतःच त्याची सारी पोथी उघडून देते. वाचा अन् मंग विचारा." एखाद्यानं मोठा अवजड प्रोग्राम लिहायचा बेत केला की म्हणायची, "इतवारीतले हमाल पाह्यले का? एकच माणूस पन्नास पोते नाई उचलत. रांग करतात. याच्या हातून त्याच्या हाती. तसंच इथंही. एक लहानसा प्रोग्राम फक्त शोधते, दुसरा फक्त क्रम लावते, तिसरा फक्त मोजते. एकाचं निघालं ते दुसऱ्याच्या हाती द्या." आणि तिची सगळ्यात लाडकी सूचना: "पुसाचा हुकूम देता ना, त्याच्या आधी त्याच शब्दांनी नुसती यादी मागा. काय काय पुसल्या जाईन ते आधी डोळ्यानं पाहून घ्या. मशीन खरंच का म्हणून विचारत नाई बाप्पा!"

लोक कंटाळायचे. पण ज्या दिवशी यादी न मागता पुसायचे त्या दिवशी धावत तिच्याकडेच यायचे.

तिनं स्वतः एक प्रोग्राम बांधला. बिलटीचा नंबर टाकला की माल कोणत्या ट्रकवर आहे, कोणत्या गोदामात उतरला, आणि घरपोच कधी होईल ते सांगायचा. दिवसभर व्यापारी फोनवर एकच विचारायचे: माल कुठी हाये? म्हणून त्याचं नाव तिनं ठेवलं कुठी. गणपतराव म्हणाले, इंग्रजी नाव द्या, बरं दिसेल. ती म्हणाली, "साहेब, विचारणारा इंग्रजीत विचारते का?"

कुठी सगळ्यांना वाचता येईल अशीच तिनं ठेवली होती. मशीनवर प्रत्येक फाईलला परवानग्या असतात. कोणी वाचावं, कोणी बदलावं, कोणी चालवावं. सत्यवतीनं सगळ्यांना सगळं देऊन टाकलं. आणि प्रोग्रामच्या ओळींमधी जागोजागी शेरे लिहिले. हे शेरे मशीन वाचत नाही, पुढच्या माणसानं वाचायचे असतात. आता तोंडानं इतकी बोलणारी बाई, लिहिताना काय कमी लिहिणार? प्रोग्राम वीतभर आणि शेरे हातभर. हे इथं काहून केलं, ते तिथं काहून नाही केलं, अमुक कधी बदलावं. सगळ्यात वर तिचं नाव, आणि खाली: घ्या, वापरा, सुधारा, अन् सुधारलेलं इथंच आणून ठेवा.

वाटी रिकामी परत पाठवू नका, इतकंच तिचं म्हणणं होतं.

मुकुंद कंपनीत लागला तेव्हा त्याला शेजारचं टर्मिनल मिळालं. यवतमाळकडचा पोट्टा, चोवीस-पंचवीसचा, वाडीतच खोली घेऊन राहायचा, खानावळीचं जेवून तोंड वाकडं करायचा. हुशार होता, आणि मुख्य म्हणजे ऐकून घ्यायचा! सत्यवतीला आयुष्यात पहिल्यांदा असा माणूस भेटला की जो तिचं बोलणं संपल्यावर म्हणायचा, "अन् मंग, ताई?" एवढं म्हटल्यावर बाई गेलीच. दुसऱ्या दिवसापासून नत्थूजींच्या हातचं नाव टाकलेल्या डब्यात दोन माणसांचा गोळाभात यायला लागला.

पहिल्याच महिन्यात मुकुंदानं घात केला. जुन्या फायली पुसायच्या होत्या, हुकमात एक जागा जास्त सुटली आणि आठवडाभराच्या सगळ्या बिलट्या गेल्या. पोट्टा पांढरा पडला. गणपतराव बाहेर पान खात होते. सत्यवतीनं कपाटातून टेप काढली, कालची नक्कल मशीनवर चढवली, सकाळच्या बिलट्या पुन्हा ठोकल्या आणि गणपतरावांना ठासून सांगितलं की मशीनची साफसफाई चालली होती.

"ताई, तुमी नसत्या तर माही नोकरी गेली होती."

"यादी मागतली होती का आधी?"

"नाई."

"मंग? रोज घसा कोरडा करून राहिली मी, त्याचं काय?"

पण मग तिनं गंमतच केली. टेपांच्या कपाटाची किल्ली त्याच्याच हाती दिली. ज्याच्या हातून एकदा गेलं तो नकला जिवापाड सांभाळेल, असा तिचा हिशोब. त्या वर्षी राखीला मुकुंद इतवारीत आला. नत्थूजींच्या पाया पडला. जाताना डबा घेऊन गेला तो दुसऱ्या दिवशी परत आणला, आत पेढे. सत्यवती दोन दिवस गल्लीत सांगत फिरली, "पोट्ट्याले कोणी सांगतलं नाई हो! आपसूक!"

हिवाळ्यात संत्र्याचा हंगाम आला आणि बिलट्यांचा ढीग लागला. कुठी रेंगाळायला लागली. विचारलं की चहा पिऊन यावं इतका वेळ. मुकुंद संध्याकाळी धरमपेठेत सी भाषेच्या क्लासला जायचा. म्हणाला, "ताई, मी हे सी मधी लिवून देऊ का? उडाली पाहिजे कुठी."

"विचारतो कायले? लिव ना! तिथं वरच लिवून ठेवलं हाये."

त्यानं लिहिली. आणि खरंच उडाली. एंटर दाबायचा अवकाश की उत्तर समोर. रिकामी ट्रक कुठं उभी आहे तेही सांगायला लागली; हे सत्यवतीला कधी सुचलंच नव्हतं. तिनं मुकुंदाच्या पाठीत धपाटा घातला आणि डोळे पुसले. मशीनच्या थंड हवेनं पाणी येते डोळ्यातून, असं सांगितलं. वाटी परत आली होती, आणि कशी? काठोकाठ.

आता सी मधी एक गोष्ट असते, ती सांगून ठेवते. माणसानं लिहिलेला, माणसाला वाचता येईल असा मजकूर एकीकडे, आणि त्याच्यापासून मशीननं आपल्यापुरता बनवलेला पक्का माल दुसरीकडे. चालतो तो पक्का माल. मजकूर नसला तरी चालते. पण बदलायचं झालं तर मजकूरच लागतो. पक्का माल उघडून पाहिला तर नुसता कचरा दिसते.

उन्हाळ्यात हिंगण्याला नवं गोदाम झालं. ते कुठीत टाकायचं म्हणून सत्यवतीनं सकाळीच मजकुराची फाईल मागितली. मशीन म्हणाली, नाही. जुनी, तिची स्वतःची, शेऱ्यांसकट लिहिलेली मागितली. तीही नाही. मग जी होती ती कुठी उघडली, तर पडदाभर चिन्हंच चिन्हं, आणि टर्मिनल टॅँव टॅँव करून ओरडायला लागलं.

तिला वाटलं, डिस्क गेली. धावत मुकुंदाकडे. "मुकुंदा, टेप काढ गा! कुठीचा मजकूर उडाला!"

मुकुंद शांत बसला होता. म्हणाला, "उडाला नाई ताई. मी काढला."

"काहून?"

"आता लागत नाई ना तो. चालून तर राहिली कुठी."

"अरे, हिंगणा टाकाचं हाये!"

"मले सांगत जा. मी टाकून देत जाईन."

"अन् टेपवरची नक्कल?"

"जागा नव्हती टेपवर. दुसरं चढवलं."

सत्यवतीला तेव्हाही समजलं नाही हो! इतकी बोलकी बाई, इतकी चतुर, जगाला शिकवणारी, आणि तिला वाटलं पोट्ट्याला खरंच जागा पुरली नाही. ती त्याला टेपवर जागा कशी वाचवायची ते सांगायला लागली. मुकुंद ऐकत होता. पण "अन् मंग, ताई?" म्हणाला नाही.

पुढच्या महिन्यात त्यानं नोकरी सोडली. रामदासपेठेत एका दवाखान्याच्या वरच्या माळ्यावर त्याचं ऑफिस उघडलं, भागीदारीत. ट्रान्सपोर्ट कंपन्यांसाठी खास प्रोग्राम. नाव इंग्रजी. जाहिरात पेपरात आली तेव्हा गणपतरावांनीच ती तिला दाखवली, कौतुकानं. "आपला मुकुंद! पाहा बाई, पोरगा कुठल्या कुठं गेला. आपल्याले फुकट देणार हाये, जन्मभर."

"साहेब, ते माही कुठी हाये."

"तुमचीच तर हाये. पण तुमीच तर म्हणे, ज्याले पाह्यजे त्यानं घ्यावं."

"घ्यावं म्हटलं. घेऊन दार लावून घ्यावं असं म्हटलं का?"

गणपतरावांनी पानाची पिंक टाकायला जायचं निमित्त केलं.

ती रामदासपेठेत गेली. एकदाच. बसमध्ये कोणाला काही बोलली नाही, शेजारची बाई केळी कशीही कोंबून राहिली होती तरी. मुकुंदानं खुर्ची दिली, कोकाकोलासारखं काहीतरी मागवलं. ती म्हणाली, मला बाकी काही नको. मजकूर आमच्या मशीनवर आणून ठेव, शेऱ्यांसकट, सगळ्यांना वाचता येईल असा. हिंगण्याचं गोदाम टाकायला मी तुला विचारायला यावं काय, माझ्याच घरात जायला?

"ताई, ते शेरे तर मी काढूनच टाकले. लय होते."

"वाचून काढले का न वाचता?"

तो हसला. वर तिचं नाव होतं ना. तिथूनच पुसत खाली गेला असेल. यादी न मागता.

डबाही त्याच्याकडेच राहिला होता, शेवटच्या दिवसाचा. तिनं मागितला नाही. त्या वर्षी राखीला तो आला नाही. तिनं राखी आणून ठेवली होती हे नत्थूजींना माहीत होतं. ते टुकटुक करत राहिले.

राखीनंतर पोळा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत. नागपूरच्या माणसाला सांगायला नको; पिवळी मारबत, काळी मारबत, बायांचे हे उंच पुतळे, मागून बडगे म्हणजे गड्यांचे पुतळे, आणि इतवारीत पाय ठेवायला जागा नाही. जे जे वाईट ते घेऊन जाय गे मारबत, म्हणून लोक गळे काढतात. ऑफिसला सुट्टी. सत्यवती खिडकीत उभी राहून खालच्या पोट्ट्यांना सांगत होती की गुलाल डोळ्यात गेला तर चोळू नका. तेवढ्यात त्या गर्दीतून एक माणूस मुसंडी मारत येताना दिसला. शर्ट फाटायच्या बेतात, केसात गुलाल, एका हातात डबा उंच धरलेला. मुकुंद! स्कूटर त्यानं पार लांब कुठंतरी सोडली होती.

तिचं काळीज काय म्हणालं ते कशाला सांगावं. तिनं धावत जाऊन दार उघडलं.

"ताई, पाणी द्या आधी. काय गर्दी हाये बाप्पा! कायची मिरवणूक हाये हे?"

"बस आधी. पंखा लावते."

डबा त्यानं कोनाड्यात ठेवला, नत्थूजींच्या पाया पडला, आणि घटाघटा पाणी पिऊन सुरू झाला. जबलपूरच्या मोठ्या कंपनीला त्यानं प्रोग्राम दिला होता. आज सकाळपासून तो प्रोग्राम प्रत्येक बिलटीला एकच सांगत होता: आज माल पोचणार नाही, उद्या. गाड्या भरून उभ्या. मालक ट्रंककॉलवर ट्रंककॉल करून राहिला. कालपर्यंत सगळं ठीक होतं. "मजकूर चाळला मी, ताई. एका जागी तारखा हायेत, वर्षाची एक. आजची त्यात हाये. पण ते काढलं तर बाकी काई मोडन का, समजून नाई राहिलं. तुमी टाकल्या होत्या ना त्या? कायच्या हायेत?"

खाली ढोल वाजत होते. खिडकीची काच हालत होती.

सत्यवतीनं विचारलं, "मुकुंदा, तू इथपर्यंत आला कसा?"

"पायी. गाडी घुसूनच नाई राहिली आत!"

"हाव ना?"

"हाव, म्हणजे..." आणि मग तो खिडकीकडे गेला. खाली पिवळी मारबत हळूहळू चालली होती, आणि तिच्या पुढं-मागं डोकीच डोकी. 

"पंचांग पाहून टाकल्या मी त्या तारखा," सत्यवती म्हणाली. "आजच्या दिवशी इतवारीत हातगाडी घुसत नाई, तर टेम्पो कुठून घुसन? व्यापारी फोन करून शिव्या देतात, म्हणून मी सारा मालच उद्यावर टाकला. अन् शेरा लिवला होता त्याच्यावर. बाहेरगावी वापरत असान तर एवढ्या तारखा काढून टाका, बाकी काई मोडत नाई. असं लिवलं होतं."

मुकुंद खिडकीतून मागं फिरला. कानाची पाळी लाल झाली होती, पण तो गुलालही असेल.

"काढून टाकू मंग?"

"थांब. आधी माहं ऐक. सांगतलं ना मी? लपवलं नाई. आता तू मजकूर आणून ठेव. आमच्या मशीनवर, उघडा. शेरे मी पुन्हा लिवते. हिंगणा टाकते. बस्स."

"आणतो ना ताई!"

"कधी?"

"सोमवारी. तुमची शप्पथ." त्यानं तिचा हात हातात घेतला. मनगट पुढं केलं, हसला. "राखी राहिली ना यंदा? बांधा आता."

तिनं बांधली. बांधताना गाठ दोनदा सुटली. मग तो घाईत निघाला, जबलपूरचा माणूस फोनजवळ बसला होता. जिन्यावरून उतरता उतरता ओरडला, "डबा ठेवला बरं का कोनाड्यात!"

"पाहा बाबा," सत्यवती म्हणाली, "आला ना शेवटी! पोट्टा वाईट नाई. संगत वाईट हाये." ती पदरानं तोंड पुसत कोनाड्याकडे गेली आणि डबा उचलला. उचलला तसा तिचा हात वर गेला, इतका तो हलका होता. तिनं झाकण काढलं. धुतलेला होता, लखलखीत. कोपऱ्यात चिमूटभर साखरही नव्हती.

नत्थूजींनी चष्मा वर केला. "काय झालं वं?"

"काई नाई."

"नाव पुसलं का त्यानं?"

"नाव हाये, बाबा."

खाली लोक ओरडत होते, खोकला घेऊन जाय, महागाई घेऊन जाय. सत्यवती डबा पोटाशी धरून उभी होती. दुसऱ्या वर्षी सगळी गल्ली सांगत होती की तिनं खिडकीतून 'कुलपं घेऊन जाय गे मारबत' असं ओरडून म्हटलं. पण त्या दिवशी तर ती काहीच बोलली नाही. तिनं डबा फळीवर ठेवला, पालथा.

सोमवारी मुकुंद आला नाही. मंगळवारी फोन आला. भागीदार ऐकत नाही म्हणाला. जबलपूरचं काम मात्र मारबतीच्या दिवशीच नीट झालं होतं. फोनवर तो ताई म्हणत होता आणि मागं कोणीतरी त्याला साहेब म्हणत होतं. तिनं बोलणं संपायच्या आधी फोन ठेवला. तिच्या बाबतीत हे नवल होतं.

मग ती पुन्हा बसली. जुन्या पद्धतीची, हमालांच्या रांगेची, हळू चालणारी कुठी आठवून आठवून लिहून काढली. हिंगणा टाकला. मारबत टाकली. शेरेही टाकले, पण यंदा थोडके. किल्लीही स्वतःच्या कमरेला, आणि बाकीच्यांना फक्त चालवायची परवानगी.

दिवाळीनंतर ऑफिसात प्रेमलता नावाची नवी पोरगी लागली. बुजरी, कानात लहानसे डूल. चार दिवस तिनं कुठी चालवली आणि मग खुर्ची सरकवून शेजारी आली. "ताई, मले हे आवडलं. याची नक्कल घेऊ का मी? थोडंसं बदलून पाहावं म्हणते."

सत्यवतीची बोटं कीबोर्डवर थांबली. जिनं न विचारता साऱ्या बसला शिकवलं, तिच्या तोंडून शब्द निघेना. काचेच्या खोलीत पंखा घरघरत होता. प्रेमलता उभीच. तिच्या डब्याकडे सत्यवतीची नजर गेली. टेबलाच्या कडेला होता, नव्या पितळेचा, नाव न टाकलेला.

"नाई म्हणत असान तर राहू द्या, ताई."

"घे," सत्यवती म्हणाली. "पण..."

"पण काय?"

ती पडद्याकडे वळली. कुठी वाचायच्या परवानगीचा हुकूम लिहिला, वाचला, पुन्हा वाचला, आणि मग एंटर दाबला.

"काई नाई. पुसाच्या आधी यादी मागत जाय."